बेड फॉरवर्डने मिळत नाही, फोनने मिळतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात तुम्ही चौघांनी मिळून साडेतीनशे लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. यंदा डेंग्यूचे रुग्ण वाढले, तेव्हा ग्रुपवर प्लेटलेट्सच्या मागण्या, पपईच्या पानांचा रस आणि नगरपंचायतीच्या नावाने शिव्या यांचीच गर्दी झाली. आता तुम्ही विचारता की साथीत असल्या ग्रुपचा खरंच उपयोग होतो का, २०२१ मध्ये झाला होता का, आणि होत असेल तर ग्रुप चालवायचा कसा.

मी वीस वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या कामात आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पुण्यात स्वयंसेवकांच्या एका मदतगटाचं काम माझ्याकडे होतं. त्या दोन महिन्यांतून जे कळलं तेच सांगते. उपयोग झाला, नक्की झाला. पण तो जिथे झाला असं लोकांना वाटतं तिथे फारसा झाला नाही.

१८ एप्रिल २०२१ या एका दिवसात महाराष्ट्रात ६८ हजारांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. त्या आठवड्यात आमच्याकडे येणारा मेसेज साधारण असा असायचा: ‘अर्जंट. व्हेंटिलेटर बेड हवा. वय ५२. ऑक्सिजन ८१. प्लीज शेअर.’ त्यात गावाचं नाव नसायचं, वेळ नसायची. ऑक्सिजन ८१ होता तो आज सकाळचा की परवाचा, तेही कळायचं नाही. हाच मेसेज दहा ग्रुपांवरून फिरून यायचा, आणि वीस जण एकाच रुग्णालयाला फोन लावायचे. तिथल्या टेबलावर एकटा माणूस बसलेला. फोन सतत एंगेज. ज्याच्या दारात खरोखर ॲम्ब्युलन्स उभी होती त्याचाही फोन लागायचा नाही.

अशाच एका मेसेजवरच्या नंबरला आमच्या गटातल्या एका स्वयंसेवक मुलीने फोन केला. पलीकडून मुलगा शांतपणे म्हणाला, “ताई, बाबा परवाच गेले. आज सकाळपासून तुमच्यासारखे तीसेक फोन आलेत.” ती मुलगी त्या दिवशी पुढे काम करू शकली नाही. मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगला होता. पण मदत मागणारा मेसेज सुरू करायला सगळे असतात, तो बंद करायला कुणी नसतं. त्या रात्री आम्ही ठरवलं की आपल्याकडून तारीख आणि वेळ नसलेला एकही मेसेज बाहेर जाणार नाही, आणि बेड मिळाला किंवा माणूस गेला, तर ज्या ग्रुपवर मागणी टाकली त्याच ग्रुपवर ‘ही मागणी बंद’ असं लिहायचं. सगळ्या नियमांत या एकाचा आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला.

दुसरा बदल वहीचा. साधी शाळेतली दोनशे पानी वही. प्रत्येक मागणीला एक नंबर आणि त्या नंबरसमोर एकाच स्वयंसेवकाचं नाव. ती मागणी आता त्याची: फोन तोच करणार, नातेवाइकांशी तोच बोलणार, शिफ्ट संपली तर पुढच्याला नीट समजावून देणार. बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही. नातेवाइकांना पहिल्या फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या: रुग्ण आत्ता कुठे आहे, आत्ता ऑक्सिजन किती आहे, आणि जवळ कोण आहे. तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. अनेक घरांत सगळेच पॉझिटिव्ह असायचे, आणि बेड मिळाला तरी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणायला माणूस नसायचा. अशा वेळी रुग्णालयाच्या यादीपेक्षा पीपीई किट घालून दोन मजले चढणाऱ्या पोरांची गरज जास्त असायची.

हे तीन प्रश्न विचारायला लागल्यावर लक्षात आलं की मागणी बेडची असली तरी पुष्कळ ठिकाणी गरज वेगळीच होती. कुणाला ऑक्सिमीटर कसा लावायचा ते कळत नव्हतं. थंडगार बोटाला, नेलपॉलिश लावलेल्या नखावर लावून ८५ बघून घर हादरलेलं. उलट कुणी ‘९१ आहे, दम लागत नाही, उद्या बघू’ म्हणत घरीच थांबलेलं, आणि त्याला तासाभरात हलवायची गरज असायची. आम्ही दोन डॉक्टर फक्त हेच करत होतो. सहा मिनिटं घरातल्या घरात चालायला लावून ऑक्सिजन पुन्हा मोजायचा. ९४च्या खाली येतोय का ते बघायचं. बेड मिळेपर्यंत रुग्णाला पालथं झोपवायचं. उशा छातीखाली, ओटीपोटाखाली आणि पायांखाली कशा ठेवायच्या ते व्हिडिओ कॉलवर दाखवायचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही पालथं झोपण्याची पद्धत चित्रांसह प्रसिद्ध केली होती. त्या महिन्यात सोशल मीडियावरून गेलेल्या सगळ्या गोष्टींत हीच चित्रं सर्वांत मोलाची होती असं मी आजही म्हणेन.

मुंबईत महापालिकेने २४ वॉर्डांत वॉर रूम उभ्या केल्या होत्या. तिथे आपल्या वॉर्डाला फोन करायचा, तिथला डॉक्टर गरज तपासणार आणि बेड ठरवून देणार. म्हणून आम्ही मुंबईच्या मागण्यांवर स्वतः बेड शोधणं थांबवलं. नातेवाइकांना त्यांच्या वॉर्डाचा नंबर लावून द्यायचा आणि तो लागेपर्यंत सोबत राहायचं, एवढंच करायला लागलो. हे सांगायचं कारण असं की नागरिकांच्या गटाला यंत्रणा बाजूला सारून स्वतःचं काहीतरी उभं करायचा मोह होतो. जिथे यंत्रणा कोलमडलेली असते तिथे तसं करावंही लागतं. पण जिथे ती थोडीतरी चालते तिथे माणसाला तिच्या दारापर्यंत नेऊन सोडणं हेच मोठं काम आहे.

आता अवघड भाग. तुमच्या प्लेटलेट्सच्या प्रश्नाचं मूळ त्यातच आहे.

एप्रिल २०२१ मध्ये लोकांच्या चांगुलपणाचा प्रचंड साठा दोन गोष्टींवर खर्च झाला, रेमडेसिव्हिर आणि प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग. रेमडेसिव्हिर हे मरणाच्या दारातून परत आणणारं इंजेक्शन नव्हतं. ऑक्सिजनवर असलेल्या काही रुग्णांना, तेही लवकर दिलं तर, थोडाफार फायदा. इतकंच त्याचं बळ. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२०मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता. तरी चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात पडायची आणि मुलगा रात्रभर शहर पालथं घालायचा. त्याच्यासाठी हजारो लोक मेसेज फिरवायचे, आणि त्या मेसेजखालीच काळाबाजारवाले नंबर टाकून जायचे. आमच्या जिल्ह्यात इंजेक्शन थेट रुग्णालयांना देण्याची व्यवस्था प्रशासनाने केल्यावर आम्ही रेमडेसिव्हिरच्या मागण्या घेणं बंद केलं. त्यासाठी आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. ‘तुम्हाला माणुसकी नाही’ असंही एका माऊलीने म्हटलं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. याउलट डेक्सामेथासोन हे काही रुपयांचं औषध, ऑक्सिजनची गरज असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू कमी करतं हे जून २०२० मध्येच सिद्ध झालेलं. त्याच्यासाठी ‘अर्जंट’ असा एकही मेसेज मी पाहिला नाही, कारण ते सगळीकडे मिळत होतं. दुर्मिळ वस्तू तीच गुणकारी, असं घाबरलेल्या मनाला वाटतं.

प्लाझ्माची गोष्ट मला जास्त लागते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर अभ्यास केला होता. प्लाझ्मा दिल्याने मृत्यू कमी होत नाहीत हा त्याचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्धही झाला होता. तरीही उपचारांच्या अधिकृत सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१च्या मध्यात. मधल्या काळात नुकती आजारातून उठलेली तरुण मुलं संचारबंदीत दुचाकीवरून चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊन प्लाझ्मा देत होती. त्या मुलांबद्दल माझ्या मनात आजही फक्त आदर आहे. पण त्याच आठवड्यात राज्यातल्या रक्तपेढ्यांमध्ये साध्या रक्ताचा तुटवडा होता. थॅलेसेमियाची मुलं, बाळंतिणी, अपघातातले जखमी खोळंबले होते. तीच मुलं त्यांना रक्त देऊ शकली असती. कुणी नीट सांगितलंच नाही. समाजाची मदत करायची ताकद मोठी असली तरी अमर्याद नसते, ती कशावर लावायची हे ठरवणारा जाणकार माणूस प्रत्येक गटात हवा.

म्हणून तुमच्या ग्रुपवर उद्या ‘प्लेटलेट्स ४० हजार, तातडीने हव्यात’ असा मेसेज आला, तर आधी दोनच प्रश्न विचारा: रक्तस्राव होतोय का, आणि डॉक्टरांनी प्लेटलेट्स चढवायला सांगितलंय का? रक्तस्राव नसेल तर साधारणपणे दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट्स चढवायची गरज पडत नाही. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा आकड्यामुळे नव्हे, तर रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. आणि हे घडतं ताप उतरायला लागल्यावर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, जेव्हा घरचे ‘आता बरं आहे’ म्हणून निर्धास्त झालेले असतात. ग्रुपवर पिन करून ठेवायचा मेसेज हाच: ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नका. पपईच्या रसावर वाद घालत बसू नका. ज्याला प्यायचा तो पिईल, फक्त त्याच्या भरवशावर कुणी घरी थांबणार नाही एवढं पाहा.

वाद घालत बसू नका हे मी अफवांच्या बाबतीतही सांगेन, आणि तिथे जरा थांबायला हवं.

महाराष्ट्राने अफवेची किंमत फार मोठी मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणण्याचं जाहीर केलं, आणि एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो ही अफवा पसरली आणि राज्यातले पोल्ट्रीवाले शेतकरी मातीमोल भावाने पक्षी विकून मोकळे झाले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा बिचारी कोंबडी पुन्हा संशयाच्या फेऱ्यात आली.

तरी माझा अनुभव असा की अफवा पाठवणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो आणि आपल्या माणसांना जपू पाहत असतो. दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा आणि लवंगांची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असा मेसेज घरोघरी पोहोचला होता. आमच्या ओळखीच्या एका आजींनी दोन दिवस ती पुरचुंडी नाकाशी धरली आणि ऑक्सिजन ८८ असताना दवाखान्यात जायला नकार दिला. तो मेसेज ज्या काकांनी पाठवला होता त्यांना ग्रुपवर चारजणांनी फैलावर घेतलं. परिणाम असा की काकांनी ग्रुप सोडला आणि तोच मेसेज दुसऱ्या चार ग्रुपांवर टाकला. पुढे आम्ही पद्धत बदलली. चुकीचा मेसेज आला की ग्रुपवर कुणाचंही नाव न घेता बरोबर माहिती टाकायची, आणि पाठवणाऱ्याला वेगळा फोन करायचा: “काका, तब्येत बरी ना? तो कापराचा मेसेज आला होता, त्याने ऑक्सिजन वाढत नाही हो, आणि तोवर वेळ जातो. तुम्ही स्वतः तो मागे घेतलात तर लोक ऐकतील.” दहापैकी सात-आठ जण घ्यायचे. गावात ज्याचं ऐकतात त्या माणसाने मेसेज मागे घेतला, तर सरकारी पत्रकापेक्षा त्याचा असर जास्त होतो.

एका गोष्टीवर मात्र मी कडकच राहीन. रुग्णाचं नाव, घर, रिपोर्टचा फोटो, आधार कार्ड यातलं काहीही मोठ्या ग्रुपवर येता कामा नये. २०२० मध्ये पॉझिटिव्ह लोकांच्या नावांच्या याद्या फिरल्या आणि त्या घरांचं दूध बंद झालं, कामवाल्या मावशींना सोसायटीच्या गेटवर अडवलं गेलं. मग लोक तपासणीच टाळायला लागले. अंगात ताप असताना ‘साधी सर्दी आहे’ म्हणून लपवायला लागले. मोठ्या ग्रुपवर फक्त मागणीचा नंबर, गाव, वेळ आणि स्वयंसेवकाचा फोन टाका. बाकी सगळं वहीत. मदत मागणाऱ्याला मात्र भीती वाटता कामा नये. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावलं होतं की समाजमाध्यमांवर ऑक्सिजन किंवा बेडची मागणी करणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. स्थानिक कुणी ‘गावाची बदनामी करता’ म्हणून दटावलं तर हे लक्षात असू द्या.

तुमच्या गावासाठी सर्वांत मोठी संधी मला रुग्ण येण्याआधीच्या दिवसांत दिसते. गुलियन-बॅरेच्या वेळी दूषित पाण्याकडे बोट गेलं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. तेव्हा काही सोसायट्यांनी साधी गोष्ट केली. रोज सकाळी टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट करायची आणि पिवळा रंग आलेल्या नळीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. रंग आला नाही, म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही, की लगेच सगळ्यांना पाणी उकळून प्यायचा निरोप. त्या दोन इंच नळीच्या फोटोने भीतीचे मेसेज कमी केले, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर रोज काहीतरी खरं येत होतं. तुमच्या ग्रामीण भागात जलसुरक्षकाला टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आणि ओटी टेस्ट दोन्ही माहीत असतात. त्यांना ग्रुपवर घ्या. डेंग्यूसाठी कोरडा दिवस तसाच पाळा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासायचा. घासायचा यासाठी की अंडी काठाला चिकटून राहतात. वार ठरवा, गल्लीवार फोटो मागवा. गप्पी मासे कुठल्या हौदात सोडलेत ते लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत, पण साडेतीनशे लोकांचा ग्रुप बेड शोधण्यापेक्षा यात कितीतरी जास्त जीव वाचवू शकतो.

आणि ग्रुपवर जे नाहीत त्यांचं काय, हे दर आठवड्याला एकमेकांना विचारा. मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरच्यांसाठी लसीकरण सुरू झालं तेव्हा लस कुठे शिल्लक आहे हे सांगणारे टेलिग्राम चॅनल निघाले. आम्हीही ते आनंदाने पसरवले. आठवड्याभरात तालुक्यांमधून तक्रारी यायला लागल्या: शहरातली मुलं मोबाइलवर काही सेकंदांत नोंदणी करून गाड्या घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांवर यायची, आणि गावातली माणसं रांगेत उभी राहून परत जायची. नोंदणीचं पोर्टलही सुरुवातीला इंग्रजीतच होतं. आमची मदत एका माणसाला मिळाली ती दुसऱ्याच्या वाट्यातून निघाली, हे कळायला आम्हाला उशीर झाला. त्यानंतर आम्ही ते चॅनल पसरवणं थांबवून, आशाताईंनी दिलेल्या याद्यांवरून ज्येष्ठांची नोंदणी फोनवर करून द्यायला लागलो. आशाताईला सगळं माहीत असतं: कुठल्या घरात फोन नाही, कुठे गरोदर बाई आहे, कुठे म्हातारा एकटा राहतो. राज्यात अशा सुमारे ७० हजार जणी आहेत, आणि जून २०२१ मध्ये त्यांना मानधनासाठी संपावर जावं लागलं होतं. तुमच्या ग्रुपवर त्यांना कामं सांगायला घेऊ नका. त्यांचं ऐकायला घ्या, आणि त्यांच्या मानधनाचा प्रश्न निघाला तर त्यांच्या बाजूने उभे राहा.

शेवटी लाट ओसरल्यानंतरचं. जून २०२१ मध्ये आमचा ग्रुप आपोआप शांत झाला. सगळे थकले होते, मीही थकले होते. नोव्हेंबरमध्ये एका बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला आम्ही एप्रिलमध्ये बेड मिळवून दिला होता. ते वाचले नव्हते. माझा नंबर त्यांच्याकडे ‘बेडवाल्या ताई’ म्हणून होता. पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज कुठे करायचा हे त्यांना विचारायचं होतं. पॉझिटिव्ह रिपोर्ट हरवला होता, मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट लिहिलेलं नव्हतं, बचत गटाचं कर्ज होतं, आणि सासरी घर कुणाच्या नावावर यावरून भांडण सुरू झालं होतं. असे प्रश्न राज्यभर होते. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने याच बायकांसाठी तालुक्या-तालुक्यांतले कार्यकर्ते जोडले, तेही बरंचसं व्हॉट्सॲपवरूनच. सरकारनेही मिशन वात्सल्य म्हणून तालुका पातळीवर समित्या नेमल्या.

आमच्यातले नऊजण पुन्हा जमले. तीच वही उघडली आणि पहिल्या पानापासून एकेका नंबरला फोन लावायला सुरुवात केली. त्या बाईंचा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी रुग्णालयातून जुना रिपोर्ट मिळवला, तेव्हा मंजूर झाला.